एफ-२३ नंतर एकदम एफ-३५? लष्करी विमानांच्या नंबर-नावांची भानगड

शेपूटक्रमांक

अमेरिकन लढाऊ विमानांचे नंबर ओळीनं म्हणून बघा. एफ-१४, १५, १६ इथपर्यंत सगळं सुरळीत. १७ स्पर्धेत १६ कडून हरलं, पण नौदलानं त्याच आराखड्यावरून पुढे एफ/ए-१८ करून घेतलं. १९ नाहीच. २० उडालं, पण एकाही देशानं विकत घेतलं नाही. २१ तर अमेरिकेचं विमानच नव्हे. सरावात शत्रूची भूमिका करायला नौदलानं इस्रायलकडून भाड्यानं आणलेली क्फिर विमानं ती. मग २२, २३ आणि तिथून थेट ३५.

मोठा नंबर म्हणजे नवं विमान, जवळचे नंबर म्हणजे जवळची विमानं, असा सर्वसाधारण समज असतो. माझं मत उलट आहे. नंबर त्या विमानाबद्दल थोडं सांगतो आणि तो देणाऱ्या कचेरीबद्दल खूप. पैसे कुणाकडून मंजूर करून घ्यायचेत, काय लपवायचंय, कुठल्या दलाला दुसऱ्या दलाचं ऐकायचं नाहीये, सगळं त्यात सापडतं.

फँटमचंच घ्या. मॅक्डोनेल कंपनीनं अमेरिकी नौदलासाठी केलेलं हे विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. नौदलाच्या दफ्तरी ते एफ४एच. हवाई दलालाही ते हवंसं झालं, पण नौदलाचं नाव कसं वापरायचं? म्हणून त्यांनी एफ-११० असा स्वतःचा नंबर दिला आणि नावही वेगळं ठेवलं, स्पेक्टर. कारखाना एक, विमान एक, आणि संरक्षण खात्यात नोंदी दोन. त्या वेळचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा फोर्ड मोटर कंपनीतून आलेले, आकड्यांचे पक्के. दोन्ही दलांनी त्यांच्यासमोर ही दोन नावं घेतली तेव्हा ते भडकले, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेलही. पण १८ सप्टेंबर १९६२ ला सगळ्या दलांना एकच पद्धत लागू झाली आणि फँटमचं एफ-४ झालं, हे मात्र खरं.

त्याच दिवशी मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. म्हणून १९५३ मध्ये उडालेलं विमान एफ-१०० आणि १९५९ मधलं एफ-५. नौदलाच्या जुन्या फ्युरीला एफ-१ हा नंबर मिळाला तेव्हा तिचे दिवस जवळजवळ भरत आले होते.

पण माझं सर्वांत लाडकं उदाहरण बी-२६ चं. दुसऱ्या महायुद्धात बी-२६ म्हणजे मार्टिन कंपनीचं मरॉडर. त्याच काळात डग्लस कंपनीचं ए-२६ इन्व्हेडरही होतं. युद्धानंतर मरॉडर निवृत्त झालं. १९४८ मध्ये हवाई दलानं हल्ला विमानांचं 'ए' हे अक्षरच मोडीत काढलं आणि इन्व्हेडरला बी-२६ म्हणायला लागले. म्हणजे कोरियात लढलेलं बी-२६ आणि नॉर्मंडीवर उडालेलं बी-२६ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पुढे १९६६ मध्ये हीच इन्व्हेडर थायलंडमधल्या तळावरून उडवायची वेळ आली. थायलंडला आपल्या भूमीवर परक्या देशाचे बॉम्बर नको होते. मग काय, कागदावर पुन्हा ए-२६! बॉम्बर गेले, 'हल्ला विमानं' आली, सगळे खूश.

तुमच्याकडची उदाहरणं येऊ द्या. फक्त अमेरिकाच हवी असं नाही.

वाचनमात्र

झकास धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. नौदलाच्या जुन्या नावांत आकडा मध्ये का असतो? एफ४यू, एफ६एफ वगैरे. आणि एफ४एफ, एफ४यू, एफ४एच, एफ४डी ही सगळी एकाच घराण्यातली का?

मॉडेलवेडा

@वाचनमात्र, नाही हो, चारही वेगळी. नौदलाची १९६२ पूर्वीची रीत अशी: पहिलं अक्षर कामाचं, मग त्या कंपनीचं त्या कामासाठीचं ते कितवं विमान तो आकडा, मग कंपनीचं अक्षर. पहिलंच असेल तर १ लिहायचा नाही. एफ४यू म्हणजे व्हॉट कंपनीचं चौथं फायटर, एफ४एफ म्हणजे ग्रुमनचं चौथं, एफ४डी डग्लसचं, एफ४एच मॅक्डोनेलचं. कंपनीचं अक्षर तिच्या नावावरून ओळखू येईल अशी आशा ठेवू नका. ग्रुमनला एफ, व्हॉटला यू, कॉन्सॉलिडेटेडला वाय. म्हणून कॅटालिनाचं पीबीवाय: पी गस्त, बी बॉम्बर आणि वाय कॉन्सॉलिडेटेड.

खरी गंमत युद्धात झाली. व्हॉटला कोर्सेअरची मागणी एकट्यानं पुरी करता येईना, म्हणून गुडइयर आणि ब्रूस्टरलाही काम दिलं. पण नावात कंपनीचं अक्षर! त्यामुळे हेच विमान व्हॉटकडून आलं तर एफ४यू-१, गुडइयरकडून आलं तर एफजी-१ आणि ब्रूस्टरकडून आलं तर एफ३ए-१. माझ्या कपाटात तिन्ही शेजारीशेजारी उभी आहेत. तोच उलट्या गरुडपंखाचा बाक, तोच लांबलचक नाकाडा, तोच मोठा पंखा. शेपटीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं नाव वेगळं, बस. ते डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील पट्टी) चिमट्यानं बसवताना प्रत्येक वेळी नौदलाच्या त्या कारकुनाची आठवण काढतो, चांगल्या शब्दांत नव्हे.

ग्रुमनच्या वाइल्डकॅटचंही तसंच. जनरल मोटर्सनं बनवलं की ते एफएम. अ‍ॅव्हेंजर ग्रुमनचं असेल तर टीबीएफ, जनरल मोटर्सचं असेल तर टीबीएम.

लष्कराच्या हवाई दलानं हा प्रश्न जास्त शहाणपणानं सोडवला. मस्टँगच्या कॉकपिटखाली डाव्या बाजूला बारीक ठशांत पी-५१डी-२५-एनए असं काहीतरी असतं. पी म्हणजे पर्सूट, ५१ वा आराखडा, डी उपप्रकार, २५ हा उत्पादनाचा टप्पा आणि एनए म्हणजे इंगलवूडचा कारखाना. डॅलसमध्ये बनलेलं असेल तर एनटी. कारखाना बदलला तर शेवटची दोन अक्षरं बदलतात, विमानाचं नाव तेच राहतं. जून १९४८ मध्ये पर्सूटचा पी जाऊन फायटरचा एफ आला आणि पी-५१ चं एफ-५१ झालं.

निळी_शाई

लेख रंजक आहे, पण निष्कर्ष ताणलेला वाटला. १९६२ नंतरची पद्धत चांगली तर्कशुद्ध आहे. फक्त ती डॅशपासून डावीकडे वाचायची असते, हे लोकांना माहीत नसतं.

एलसी-१३०एच घ्या. डॅशच्या लगेच डावीकडे सी, म्हणजे मूळ काम मालवाहतूक. त्याच्या डावीकडे एल, म्हणजे बर्फावर उतरायला स्की लावलेलं. उजवीकडे १३० वा आराखडा, एच ही आवृत्ती. आता एल काढा आणि डब्ल्यू लावा, हवामान टिपणारं झालं. एच लावा, शोध-बचावाचं. के लावा, हवेत इंधन भरणारं. ए लावा, तोफा लावलेलं. एका ओळीत विमानाचा सगळा इतिहास. आवृत्तीच्या अक्षरांत आय आणि ओ वापरत नाहीत, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. इतका बारीक विचार करणाऱ्यांना 'कचेरी' म्हणून हिणवणं बरोबर नाही.

दोनचार अपवाद सगळीकडेच असतात.

शेपूटक्रमांक

@निळी_शाई, व्याकरण उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. वाक्यं खोटी लिहिली जातात, एवढंच माझं म्हणणं.

यू-२ मधला 'यू' युटिलिटीचा. किरकोळ कामांची विमानं ज्या गटात येतात त्या गटात सत्तर हजार फुटांवरून हेरगिरी करणारं विमान घुसवलं, कारण हेरगिरीचं अक्षर लावलं असतं तर बोंब झाली असती. एफ-११७ मध्ये 'एफ' आहे, पण ते हवेतल्या लढाईसाठी बनलेलंच नव्हतं, फक्त बॉम्ब टाकायचं. एफ-२२ ला सप्टेंबर २००२ मध्ये एफ/ए-२२ केलं, जमिनीवरच्या हल्ल्यालाही ते कामाचं आहे हे ठसवायला. डिसेंबर २००५ मध्ये परत एफ-२२.

पैशाचं तर विचारूच नका. १९५० च्या आसपास नव्या विमानाला पैसे मागण्यापेक्षा जुन्या विमानाची सुधारित आवृत्ती म्हणून मागणं सोपं होतं. रिपब्लिकचं तिरप्या पंखांचं वायएफ-९६ (वाय म्हणजे चाचणीचा नमुना) एफ-८४एफ या नावानं पुढे सरकलं. नॉर्थ अमेरिकनचं वायएफ-९५ एफ-८६डी झालं. हीच युक्ती १९९० च्या दशकात नौदलानं केली. ए-१२ हा हल्ला विमानाचा प्रकल्प जानेवारी १९९१ मध्ये रद्द झाल्यावर नवीन विमान मागायची सोय उरली नव्हती, म्हणून आलं एफ/ए-१८ई. जुन्या हॉर्नेटपेक्षा (म्हणजे मूळ एफ/ए-१८ पेक्षा) पंखाचं क्षेत्रफळ सुमारे पाव हिश्श्यानं जास्त, हवा आत घ्यायची तोंडं वेगळी, इंजिन वेगळं. नाव काय? हॉर्नेटचीच पुढची आवृत्ती.

उलटही होतं. एफ-१०२बी इतकं बदलत गेलं की शेवटी त्याला एफ-१०६ हा स्वतंत्र नंबर दिला. मुद्दा एवढाच, की किती बदललं म्हणजे नवं विमान म्हणायचं हे अभियंते ठरवत नाहीत.

ढगातला

सोव्हिएत संघातही हेच. १९४० पर्यंत तिकडे कामावरून नाव असायचं: आय म्हणजे फायटर, म्हणून आय-१६; टीबी म्हणजे जड बॉम्बर, म्हणून टीबी-३. मग ठरलं की आराखडा करणाऱ्याचं नाव पुढे लावायचं. याकोव्लेव्हचं याक, मिकोयान आणि गुरेविच यांचं मिग, तुपोलेव्हचं टीयू. लावोच्किन, गोर्बुनोव्ह, गुदकोव्ह अशा तिघांचं मिळून लॅग. पोलिकार्पोव्ह १९४४ मध्ये वारले आणि त्यांच्या यू-२ या लाकडी दुपंखी विमानाचं नाव त्यांच्या स्मरणार्थ पो-२ केलं. (अमेरिकेच्या यू-२ चा आणि याचा संबंध नाही.)

आता शेपूटक्रमांकांना आवडेल असं उदाहरण देतो: टीयू-२२एम. टीयू-२२ आणि टीयू-२२एम शेजारी ठेवा. एकाची इंजिनं शेपटीच्या वर, पाठीवर घेतल्यासारखी; दुसऱ्याची पोटात, बाजूंनी हवा घेणारी. एकाचे पंख पक्के, दुसऱ्याचे मागेपुढे फिरणारे. सारखं काय, तर नाव. पश्चिमेतल्या विश्लेषकांनी त्याला बरीच वर्षं टीयू-२६ म्हटलं, कारण ही 'सुधारित आवृत्ती' आहे हे कुणाला पटेचना. सॉल्ट-२ या अण्वस्त्रमर्यादेच्या वाटाघाटींत सोव्हिएत बाजूनं टीयू-२२एम हेच नाव सांगितलं. नव्या बॉम्बरपेक्षा जुन्याची डागडुजी मंजूर करून घेणं मॉस्कोतही सोपं होतं.

आणि नाटोची नावं राहिलीच की! सोव्हिएत संघ खरी नावं सांगायचा नाही, म्हणून अमेरिका, ब्रिटन आणि त्यांच्या जोडीदारांच्या समितीनं १९५४ पासून टोपणनावं द्यायला सुरुवात केली. पहिलं अक्षर कामाचं: फायटरला एफ, बॉम्बरला बी, मालवाहूला सी, हेलिकॉप्टरला एच, बाकी सगळ्यांना एम. शिवाय एक छुपा नियम: पंख्याचं विमान असेल तर नावात एकच सिलॅबल, जेट असेल तर दोन. म्हणून पंख्याचा बॉम्बर टीयू-९५ 'बेअर' आणि जेट टीयू-१६ 'बॅजर'. मालवाहूंत पंख्याचं एएन-१२ 'कब', जेट आयएल-७६ 'कँडिड'. हेलिकॉप्टरला हा नियम नाही. रेडिओवर खरखरीत नुसतं 'फिशबेड' ऐकू आलं तरी फायटर आणि जेट या दोन गोष्टी कळल्या.

नावं मुद्दाम गौरवाची नसत. फिशबेड, फ्लॉगर, फार्मर. मिग-२९ चं 'फल्क्रम' मात्र खुद्द सोव्हिएत वैमानिकांना आवडलं असं म्हणतात.

आगाऊ_कार्टं

ते १९ चं काय झालं शेवटी? सगळे बाजूनं निघून जातायत.

मॉडेलवेडा

@आगाऊ_कार्टं, नॉर्थ्रॉपला आपल्या नव्या विमानासाठी एफ-२० हा गोल आकडा हवा होता. अधिकृत कारण म्हणून मिग-१९ शी गोंधळ नको असंही पुढे केलं गेलं. (मिग-१५ शी एफ-१५ चा गोंधळ कसा झाला नाही कोण जाणे.) त्यामुळे १९ रिकामा राहिला.

पण रिकामा नंबर लोकांना सहन होत नाही. रडारला न दिसणारं गुप्त विमान बनतंय अशी कुजबुज होतीच. ते नक्की एफ-१९ असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. १९८६ मध्ये टेस्टर्स कंपनीनं एफ-१९ चं प्लास्टिक मॉडेल बाजारात आणलं, सगळीकडे गोलाई, शेपट्या आत कललेल्या. तुफान खपलं. अमेरिकी संसदेत प्रश्न विचारला गेला, की आम्हाला जे दाखवत नाही ते दुकानात कसं मिळतं? नोव्हेंबर १९८८ मध्ये हवाई दलानं खऱ्या विमानाचा धूसर फोटो दिला तर ते निघालं टोकदार, कोनाकोनांचं, आणि नंबर ११७!

११७ का, तर १९६२ मध्ये बंद झालेली जुनी मोजणी गुप्त विमानांसाठी चोरून चालूच होती. हाती लागलेली सोव्हिएत मिग अमेरिकन वैमानिक वाळवंटात उडवून बघायचे, त्यांना वायएफ-११० सारखे नंबर दिले होते. मिग-२१ चा नंबर वायएफ-११०. म्हणजे फँटमनं टाकून दिलेला नंबर त्याच्या शत्रूला मिळाला.

इतिहासाच्या_पानातून

जपानबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जपानी नौदलाच्या महायुद्धातल्या प्रसिद्ध फायटरचं झीरो हे नाव विमानाच्या गुणांवरून नाही, पंचांगावरून आलंय. जपानी नौदल विमान ज्या वर्षी स्वीकारलं त्या शाही सनाचे शेवटचे आकडे त्याला द्यायचं. १९३७ म्हणजे शाही सन २५९७, म्हणून त्या वर्षीचं टॉर्पेडो विमान टाइप ९७. १९३९ चा डाइव्ह बॉम्बर टाइप ९९. १९४० म्हणजे २६००. शेवटचं शून्य घेतलं आणि टाइप ० झालं. गंमत अशी, की जपानी लष्करानं त्याच वर्षी शून्य न घेता १०० घेतलं. त्यामुळे त्यांचं १९४० चं टेहळणी विमान टाइप १००, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोघंही टाइप १ वर. दोन दलांचं एकमेकांशी पटत नव्हतं हे कॅलेंडरातही दिसतं.

झीरोचं दुसरं नाव ए६एम. ए म्हणजे विमानवाहू नौकेवरचं फायटर, सहावं, एम म्हणजे मित्सुबिशी. मॉडेलवेडांनी वर सांगितलेल्या अमेरिकी नौदलाच्या पद्धतीशी केवढं साम्य!

दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना हे सगळं युद्धात लक्षात ठेवणं अशक्य होतं. ऑस्ट्रेलियात बसलेल्या हेरखात्याच्या एका तुकडीत फ्रँक मॅकॉय नावाचे अमेरिकन अधिकारी होते, टेनेसीचे. त्यांनी साधी माणसांची नावं द्यायला सुरुवात केली. फायटरना पुरुषांची, बॉम्बरना बायकांची. पहिलीवहिली नावं त्यांच्याकडच्या डोंगराळ भागातली, गावरान: झीक, नेट, रूफ. बॉम्बर झाले बेटी, केट, व्हॅल. झीरोच्या टोकं छाटलेल्या पंखांच्या आवृत्तीला 'हॅप' म्हटलं. तेव्हा अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख होते जनरल हेन्री अर्नोल्ड आणि त्यांना सगळे हॅप म्हणत. शत्रूचं विमान आपल्या नावानं पाडलं जातंय हे त्यांना काही रुचलं नाही. नाव बदलून 'हॅम्प' झालं.

सुलभा_०७

इतका वेळ सगळे आकड्यांत गुंतलेत. ब्रिटिशांनी आकड्यांची कटकटच ठेवली नाही, त्यांनी सरळ नावं ठेवली, आणि त्यांचेही नियम होते. १९३० च्या दशकात ठरलं होतं, की बॉम्बरला समुद्रापासून आत असलेल्या गावाचं नाव, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला बंदराचं, प्रशिक्षण विमानाला शिक्षणाशी जोडलेलं आणि फायटरला वेग किंवा आक्रमकता दाखवणारं. म्हणून लँकेस्टर, सुंदरलंड, ऑक्सफर्ड, हरिकेन. नुसतं नाव ऐकून काम कळायचं आणि ऐकणाऱ्या हेराला कंपनी, क्रम काहीच कळायचं नाही.

स्पिटफायर हे नाव व्हिकर्सचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्लीन यांनी सुचवलं. ते आपल्या तापट लेकीला लाडानं तसं म्हणायचे. विमानाचा आराखडा करणाऱ्या मिचेल यांना ते नाव अजिबात आवडलं नव्हतं म्हणे.

आणि अमेरिकनांनो, तुमची निम्मी नावं आमच्या यादीतली, असं ब्रिटिश म्हणू शकतात. मस्टँग हे नाव ब्रिटिशांनी दिलं. पी-३८ ला लॉकहीड 'अटलांटा' म्हणणार होती, ब्रिटिशांनी 'लाइटनिंग' म्हटलं आणि तेच टिकलं. लिबरेटर आणि कॅटालिनाचंही तेच.

त्यांच्या मार्क नंबरांवर (म्हणजे आवृत्तीच्या आकड्यांवर) मात्र भरवसा ठेवू नका. १९४१ मध्ये जर्मन एफडब्ल्यू-१९० आलं आणि मार्क ५ च्या स्पिटफायर पडायला लागल्या. खरा उपाय म्हणजे मार्क ८, पण तो तयार व्हायला वेळ होता. म्हणून मार्क ५ च्याच सांगाड्यात नवं मर्लिन इंजिन बसवून तात्पुरता मार्क ९ काढला. तात्पुरता मार्क ९ आधी लढला, मार्क ८ नंतर आला, आणि मार्क ९ हजारोंनी बनला.

रनवे_०९

सुलभाताई, भारी माहिती. जर्मनीतही एक वाद कायम रंगतो: बीएफ-१०९ की एमई-१०९? कंपनी १९३८ पर्यंत बायरिशे फ्लुगझॉयगवेर्के होती, मग मेसरश्मिट झाली. आधी नोंदलेल्या १०९ आणि ११० ला बीएफ, नंतरच्या २६२ ला एमई. वैमानिक मात्र दोन्ही म्हणायचे. नंबर वाटायचं काम विमान मंत्रालयाकडे, कंपनीकडे नाही.

आणि त्या एसआर-७१ या टेहळणी विमानाचा किस्सा कुणीच कसा टाकला नाही? अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ मध्ये भाषणात आरएस-७१ चं उलटं एसआर-७१ वाचलं आणि अध्यक्षांची चूक दाखवायची कुणाची हिंमत नाही म्हणून सगळे कागद बदलले!

निळी_शाई

@रनवे_०९, हा किस्सा सगळीकडे फिरतो आणि तो खोटा आहे. नंबर आला बॉम्बरच्या यादीतून, बी-७० नंतरचा ७१. आरएस हे आधीचं अक्षर होतं. हवाई दलप्रमुख कर्टिस लमे यांना एसआर, म्हणजे सामरिक टेहळणी, हवं होतं आणि त्यांनी ते करून घेतलं. जॉन्सन यांच्यासमोरच्या भाषणातच एसआर लिहिलेलं होतं. पत्रकारांना वाटलेल्या प्रतीत आरएस राहून गेलं, म्हणून ऐकणाऱ्यांना वाटलं अध्यक्ष चुकले.

शेपूटक्रमांक

म्हणजे अध्यक्षांची चूक नव्हे, सेनापतीचा हट्ट. धन्यवाद, माझ्या यादीत घेतो. :)

गगनवेडी

भारतीय हवाई दलाचंही थोडं. परदेशी विमान आलं की आपण स्वतःचं नाव देतो: जग्वार 'शमशेर', मिराज २००० 'वज्र', मिग-२९ 'बाज', मिग-२७ 'बहादूर', आयएल-७६ 'गजराज'. देशी विमानांत एच म्हणजे हिंदुस्तान आणि मग काम: एचएफ-२४ मरुत, एचजेटी-१६ किरण. तेजस हे नाव मे २००३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांनी दिलं, तोवर नुसतं एलसीए, म्हणजे हलकं लढाऊ विमान, होतं.

मिग-२१ चे टाइप नंबर तर धागाकर्त्यांना पर्वणी आहेत. एफएल म्हणजे टाइप ७७, नंतर आलेलं एम म्हणजे टाइप ९६, आणि सगळ्यांत शेवटी आलेलं बिस म्हणजे टाइप ७५. लावा क्रम! बिसचीच सुधारणा करून 'बायसन' केलं. गंमत म्हणजे नाटोच्या यादीत बायसन नावाचा एक सोव्हिएत बॉम्बर आधीच बसलेला.

सुखोई-३०एमकेआय मधला शेवटचा आय भारताचा. मलेशियाच्या विमानाला एमकेएम, अल्जीरियाच्या एमकेए. ग्राहकाचं नाव शेपटीला लावायची रशियाची पद्धत मला आवडते, सरळ आहे.

वाचनमात्र

अवांतर: वैमानिक आणि मेकॅनिक अधिकृत नावांना किती विचारतात? एफ-१६ ला 'फायटिंग फाल्कन' म्हणणारा वैमानिक अजून दिसला नाही, सगळे 'वायपर' म्हणतात. ए-१० चं अधिकृत नाव थंडरबोल्ट-२, बोलताना वॉर्टहॉग.

ढगातला

@वाचनमात्र, सर्वांत भारी 'ह्युई'. बेलच्या त्या हेलिकॉप्टरचं १९६२ पूर्वीचं नाव एचयू-१. एच, यू आणि १, सैनिकांनी त्याचं सरळ 'ह्युई' केलं. लष्करानं अधिकृत नाव इरोक्वाय ठेवलं होतं, कारण मूळ अमेरिकन जमातींची नावं द्यायची प्रथा होती. जनरल हॅमिल्टन हाउझ यांना ड्रॅगनफ्लाय, हॉव्हरफ्लाय असली किड्यांची नावं नको होती, तिथून ती रूढ झाली. चिनूक, अपाची त्यातलीच. १९६२ मध्ये एचयू-१ चं यूएच-१ झालं. अक्षरं उलटी झाली तरी ह्युई ती ह्युईच.

आणि एफ-१११ ला तर आयुष्यभर अधिकृत नावच नव्हतं. सगळे 'आर्डवार्क' म्हणायचे. १९९६ मध्ये निवृत्तीच्या समारंभात तेच अधिकृत केलं.

आगाऊ_कार्टं

आणि ३५? शीर्षकात आहे, उत्तर कुठेच नाही.

शेपूटक्रमांक

@आगाऊ_कार्टं, रीतसर बघितलं तर तो एफ-२४ व्हायला हवा होता. प्रयोगाच्या विमानांची मोजणी वेगळी, एक्स-१ पासून सुरू होणारी. लॉकहीडचा नमुना त्या यादीत एक्स-३५ होता. ऑक्टोबर २००१ मध्ये लॉकहीड जिंकल्याचं जाहीर झालं, त्या पत्रकार परिषदेत कुणीतरी विचारलं, लढाऊ विमानाचा नंबर काय असणार? मंचावरून उत्तर आलं, एफ-३५. एक्सच्या जागी एफ, झालं. मधले अकरा नंबर त्या एका उत्तरात गेले.

बी-२१ चंही तसंच. बी-२ नंतर बी-३ यायला हवा. पण एकविसाव्या शतकाचा बॉम्बर म्हणून २१.

रनवे_०९

मग मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेलं बोइंगचं एफ-४७? हवाई दलानं तीन कारणं दिली होती: महायुद्धातलं पी-४७ थंडरबोल्ट, हवाई दलाच्या स्थापनेचं साल १९४७, आणि सत्तेचाळिसावे अध्यक्ष. घोषणा त्याच अध्यक्षांनी केली. @निळी_शाई, याचं व्याकरण कसं लावायचं?

निळी_शाई

एफ म्हणजे फायटर. पुढच्या आकड्याबद्दल मी शेपूटक्रमांकांशी वाद घालणार नाही.